भाड्याचं घर: कागद मागायची लाज कशाला?

(युवक-युवतींच्या कायदा साक्षरता शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



मित्रमैत्रिणींनो, मला विषय दिलाय 'घरमालक आणि भाडेकरू यांचे कायदेशीर हक्क आणि जबाबदाऱ्या'. ऐकायला कोरडा वाटतो. पण या हॉलमध्ये बसलेल्यांपैकी बहुतेकांचा या विषयाशी रोजचा संबंध आहे. कुणी पुण्यात कोंढव्यात चौघांत मिळून फ्लॅट घेतलाय. कुणाचे अब्बा मालेगावात भाड्याच्या शेडमध्ये यंत्रमाग चालवतात. कुणाची नानी डोंगरीच्या चाळीत लग्न होऊन आली तेव्हापासून भाड्यानं राहते. आणि काहींच्या घरी मुंब्र्यात नाहीतर नांदेडला दोन खोल्या जास्तीच्या आहेत, त्यांच्या भाड्यावर घरखर्च चालतो. म्हणजे भाडेकरू आणि मालक, दोघांचीही मुलं इथं शेजारी शेजारी बसली आहेत. मी दोघांशीही बोलणार आहे.

आधी अवघड गोष्ट बोलून घेऊ. आपल्याला घर मिळणं कठीण जातं. फोनवर सगळं ठरतं, नाव सांगितलं की एजंट म्हणतो, 'मालकाला विचारून सांगतो', आणि मग फोन येत नाही. हा फक्त आपला भास नाही. मुस्लिमांना हव्या त्या वस्तीत घर विकत किंवा भाड्यानं मिळत नाही, ही तक्रार सच्चर समितीनं २००६ च्या अहवालात नोंदवली आहे. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि आसपासच्या शहरांत भाड्याच्या घरांची प्रत्यक्ष चौकशी करून पाहिली. जात आणि धर्म पाहून घर नाकारलं जातं, हे त्यांनी २०१५ मध्ये मांडलं. दलित आणि मुस्लिम, दोघांचाही अनुभव त्यात आहे.

मग कायदा काय म्हणतो? खरं सांगायचं तर इथं कायदा तोकडा आहे. संविधानाचं कलम १५ राज्यसंस्थेला भेदभाव करायला मनाई करतं. त्याच कलमाचा दुसरा भाग दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तलाव, रस्ते यांच्याबद्दल खासगी माणसांनाही बांधून घेतो. पण खासगी मालकानं घर कुणाला भाड्यानं द्यावं, हे त्यात येत नाही. २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सदस्यत्व एकाच समाजापुरतं ठेवणारी पोटविधी वैध ठरवली. भाड्याच्या घरातला भेदभाव थेट रोखणारा कायदा आपल्याकडे हवा. ती मागणी आपण लावून धरली पाहिजे. ती लढाई लांबची आहे.

आज मला बोलायचंय ते या भेदभावामुळे आपल्यात आलेल्या एका सवयीबद्दल. दहा ठिकाणी नकार मिळाल्यावर अकराव्या ठिकाणी होकार मिळतो, तेव्हा आपल्याला वाटतं, या माणसानं उपकार केले. आणि उपकार करणाऱ्याकडे कागद कसा मागायचा? पावती कशी मागायची? गळक्या छताबद्दल कसं बोलायचं? आपण मान खाली घालून राहतो. नकार देणाऱ्यानं जेवढं नुकसान केलं, त्यात आपण आपल्या हातानं भर घालतो. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे की घर भाड्यानं मिळणं हा उपकार नाही, तो व्यवहार आहे. तुम्ही पैसे देता, समोरचा जागा देतो. ज्याच्याकडे या व्यवहाराचा कागद आहे, त्यालाच कायदा नीट उपयोगी पडतो. मालक असो की भाडेकरू.

आता कायद्याकडे येऊ. आपल्या राज्यात महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू आहे. तो ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याआधी मुंबई आणि पश्चिम महाराष्ट्रात १९४७ चा मुंबई कायदा होता, विदर्भात मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा १९४९ चा आदेश होता आणि मराठवाड्यात हैदराबादचा १९५४ चा कायदा. हे तिन्ही जाऊन सगळ्या राज्याला एक कायदा आला.

या कायद्यात दोन प्रकारची माणसं आहेत, आणि बहुतेक गोंधळ यांच्यातला फरक न कळल्यामुळे होतो. एक, खरा भाडेकरू. जुन्या चाळीतला, पागडीचा, महिन्याची पावती घेणारा. याला कायद्याचं मोठं संरक्षण आहे. दुसरा, परवानाधारक, म्हणजे 'लिव्ह अँड लायसन्स' करारावर राहणारा. आज शहरात नवं घर घेणारे जवळजवळ सगळे या दुसऱ्या प्रकारात मोडतात. बोलताना आपण दोघांनाही भाडेकरू म्हणतो. पण परवानाधारकाला ठरलेल्या मुदतीपुरतीच जागा वापरायची परवानगी असते. मुदत संपली की परवानगी संपली. चाळीतल्या दादीचा हक्क पाहून फ्लॅटमधल्या नातवानं 'मला कुणी काढू शकत नाही' म्हणू नये. दोघांचे कागद वेगळे, म्हणून हक्कही वेगळे.

आता कलम ५५. हे कलम लक्षात ठेवा. भाडेकरार असो की लिव्ह अँड लायसन्स, तो लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदणीची जबाबदारी कुणाची? मालकाची. मालकानं नोंदणी केली नाही तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. आणि याहून महत्त्वाचं, करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते ग्राह्य धरलं जातं. ते खोटं आहे हे सिद्ध करणं मालकावर येतं. म्हणजे कागद टाळणारा मालक स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतो. इथं बसलेल्या मालकांच्या मुलांनी हे आज घरी जाऊन सांगावं.

इथं कुणीतरी म्हणतंच, 'पण अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही ना?' हा समज आला कुठून? १९०८ चा केंद्राचा नोंदणी कायदा म्हणतो की एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची. म्हणून देशभर लोक अकरा महिने लिहितात आणि नोंदणी टाळतात. महाराष्ट्रात ही पळवाट बंद आहे. इथं कलम ५५ मुळे करार अकरा महिन्यांचा असला तरी नोंदवावाच लागतो. स्टॅम्प पेपरवर सही करून नोटरीचा शिक्का मारला म्हणजे नोंदणी झाली, असंही समजू नका. नोटरी वेगळी, नोंदणी वेगळी.

खर्च किती येतो? समजा भाडं १०,००० रुपये, डिपॉझिट ५०,०००, मुदत ११ महिने. अकरा महिन्यांचं भाडं १,१०,००० रुपये. डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी व्याज धरतात, ते साधारण ४,६०० रुपये. या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे तीनशे रुपयांच्या आत. त्यावर शहरी भागात १,००० रुपये नोंदणी शुल्क, ग्रामीण भागात ५००. ऑनलाइन नोंदणी करून देणाऱ्याची फी वेगळी. दर सरकार बदलू शकतं, तेव्हा त्या वेळचा आकडा नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. दोघांचा आधार आणि अंगठा घेऊन ही नोंदणी घरबसल्या होते, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात खेटे घालावे लागत नाहीत. एजंटला एका महिन्याचं भाडं दलाली म्हणून देताना आपण कुरकुरत नाही, आणि या हजार-पंधराशेला महाग म्हणतो.

या कागदाचा उपयोग घर टिकवण्यापुरता नाही. पासपोर्टला पत्त्याचा पुरावा म्हणून नोंदणीकृत भाडेकरार चालतो. मतदार यादीत नाव घालायच्या अर्जालाही चालतो. आपल्याकडे किती कुटुंबं दर दोन वर्षांनी घर बदलतात आणि त्यांच्या मतदार ओळखपत्रावर चार घरांआधीचा पत्ता असतो, जरा आठवून पाहा. कागदावर पत्ता नाही म्हणून मत नाही, आणि मग आपण विचारतो की नगरसेवक आपल्या गल्लीत का फिरकत नाही.

आता आपल्या वस्त्यांमधली खास गोष्ट, हेवी डिपॉझिट. मुंब्रा, भिवंडी, कुर्ला, कोंढवा, सगळीकडे हे चालतं. एकरकमी चार-पाच लाख द्यायचे, महिन्याचं भाडं नाही किंवा नावापुरतं, आणि घर सोडताना सगळे पैसे परत. पैसे कुठून येतात? अम्मीचे दागिने, गावची जमीन, भाईनं सौदीतून पाठवलेली बचत. आणि करारात काय लिहितात? 'डिपॉझिट ५०,००० रुपये.' बाकीचे साडेचार लाख भरवशावर. मग मालक घर विकतो, किंवा नवा भाडेकरू मिळाल्याशिवाय पैसे देत नाही. घर बँकेकडे तारण असेल आणि मालकाचे हप्ते थकले, तर बँक ताबा घ्यायला दारात येते. त्या वेळी ज्याच्याकडे कागद नाही तो पार उघडा पडतो.

म्हणून हेवी डिपॉझिट द्यायचंच असेल तर चार गोष्टी करा. पूर्ण रक्कम नोंदणीकृत करारात लिहून घ्या. पाच लाख पूर्ण लिहिले म्हणून मुद्रांक शुल्कात पडणारी भर सव्वाशे रुपयांहून कमी आहे, तेव्हा 'खर्च वाढतो' हे कारण ऐकून घेऊ नका. पैसे बँकेतून द्या, रोख नको. मालकाचं नाव असलेली कागदपत्रं पाहा: घराची इंडेक्स टू, मालमत्ता कराची पावती, वीज बिल. आणि घरावर कर्ज आहे का, हे सरळ विचारून उत्तर करारात लिहून घ्या.

आणखी एक. 'दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही' असे मेसेज फिरत असतात. ती तरतूद केंद्र सरकारनं २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यातली आहे. तो नमुना आहे. राज्यानं स्वीकारला तरच तिथं लागू होतो. आपल्याकडे व्यवहार १९९९ च्या कायद्यावर चालतो आणि त्यात डिपॉझिटला अशी मर्यादा नाही. म्हणून डिपॉझिट किती, किती दिवसांत परत, त्यातून काय कापायचं, हे सगळं करारातच लिहायला हवं.

'आपल्याच माणसाशी व्यवहार आहे, लिहून काय घ्यायचं?' असं म्हणणारे बुजुर्ग भेटतील. त्यांना अदबीनं सांगा की कुरआनातली सगळ्यात लांब आयत, सूरह बकरातली, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दलच आहे. लिहून घेतल्यानं विश्वास कमी होत नाही, आणि उद्या दोघांपैकी एक या जगात नसला तरी मुलांमध्ये भांडण लागत नाही.

घरात राहायला गेल्यावरचे हक्क आणि जबाबदाऱ्या आता एकेक करून पाहू.

पावती. कलम २७ प्रमाणे मिळालेल्या प्रत्येक रकमेची लेखी पावती देणं मालकावर बंधनकारक आहे. हल्ली भाडं मोबाईलवरून जातं. चांगलं आहे, पण पाठवताना 'जुलै महिन्याचं भाडं' एवढं लिहा. नाहीतर उद्या ते उसने पैसे परत केले असंही म्हणता येतं.

पाणी आणि वीज. भाडं थकलं म्हणून किंवा घर लवकर रिकामं व्हावं म्हणून नळ बंद करणं, वीज तोडणं, जिन्यातला दिवा काढून घेणं, हे कलम २९ प्रमाणे मालकाला करता येत नाही. भाडेकरू न्यायालयात अर्ज करून सेवा पूर्ववत करून घेऊ शकतो. यासाठी मालकाला शिक्षाही होऊ शकते.

दुरुस्ती. जागा राहण्याजोगी ठेवणं हे मालकाचं काम आहे. तो करत नसेल तर भाडेकरूनं किमान पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी. तरीही दुरुस्ती झाली नाही तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, पण एका वर्षात वर्षभराच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यांनी हे कलमावर सोडू नये. गळती, नळ, वायरिंग कोण करणार हे करारात लिहून घ्यावं.

दुरुस्तीचा विषय मला हलका वाटत नाही. एप्रिल २०१३ मध्ये मुंब्र्याजवळ शिळफाट्याला बांधकाम सुरू असलेली बेकायदा इमारत कोसळली आणि ७४ माणसं गेली. सप्टेंबर २०२० मध्ये भिवंडीत जुनी तीन मजली इमारत पहाटे झोपेतल्या कुटुंबांवर कोसळली. स्वस्त मिळतं म्हणून, दुसरीकडे कुणी देत नाही म्हणून, लोक अशा इमारतींत राहतात. महापालिका हद्दीत ३० वर्षांहून जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावं लागतं. ते झालंय का, हे विचारणं हा भाडेकरूचा आगाऊपणा नाही. घरात आपली माणसं झोपतात. आणि जुन्या भाडेकरूंसाठी सांगतो, महापालिकेनं इमारत धोकादायक ठरवून पाडली, तरी तेवढ्यानं तुमचा भाडेहक्क संपत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये सांगलीच्या एका प्रकरणात हे स्पष्ट केलंय. जीव धोक्यात घालून तिथं बसून राहू नका. पावत्या जपा आणि बाहेर पडा.

आता भाडेकरूच्या जबाबदाऱ्या. भाडं वेळेवर द्या. मालकाच्या संमतीशिवाय पोटभाडेकरू ठेवता येत नाही. 'मित्र दोन महिने राहील' म्हणून चावी देणं आणि त्याच्याकडून पैसे घेणं, यानं तुमचं घर जाऊ शकतं. परवानगी न घेता भिंत पाडणं, पक्कं बांधकाम करणं, जागेची नासधूस करणं, शेजाऱ्यांना त्रास होईल असं वागणं, जागा राहण्याऐवजी भलत्याच कामाला वापरणं, ही सगळी घर खाली करून घेण्याची कारणं होऊ शकतात. जुन्या भाडेकरूनं योग्य कारणाशिवाय सलग सहा महिने खोली बंद ठेवली, तर तेही कारण होतं. मालकालाही आपली जागा पाहायला येण्याचा हक्क आहे, पण आधी कळवून आणि योग्य वेळी. वाटेल तेव्हा दुसऱ्या चावीनं दार उघडून नाही.

एक गैरसमज इथंच मोडून काढू: 'बारा वर्षं राहिलो की घर आपलं.' नाही होत. तुम्ही मालकाच्या परवानगीनं राहता, भाडं देता, म्हणजे मालकी त्याची आहे हे तुम्ही मान्यच केलेलं असतं. या भीतीपोटी कित्येक मालक भाडेकरूला कागद देत नाहीत आणि घर बंद ठेवतात. मालकांनी भीती सोडावी, कारण लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर कलम २४ त्यांच्या बाजूनं आहे. मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो, त्या वेळी लेखी करारातला मजकूर निर्णायक पुरावा मानला जातो, आणि जागा न सोडणाऱ्याला ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दरानं भरपाई द्यावी लागते. पण लक्षात घ्या, मालकानंही अर्जच करायचा आहे. कुलूप बदलायचं नाही, सामान जिन्यात फेकायचं नाही.

जुन्या भाडेकरूचं भाडं थकलं तर मालकानं आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि ९० दिवस थांबावं लागतं. त्यानंतरच दावा. दाव्याचं समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत थकबाकी, त्यावर १५ टक्के सरळ व्याज आणि खर्च भरला, तर त्या कारणासाठी घर जात नाही. म्हणून न्यायालयाचा लिफाफा आला की तो न उघडता कपाटावर ठेवू नका. दिवस त्या कागदापासून मोजतात.

आता पोलिसांबद्दल. बऱ्याच शहरांत पोलीस आयुक्त वेळोवेळी आदेश काढतात की मालकानं भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यावी. ती ऑनलाइनही देता येते. ही मालकाची जबाबदारी आहे, आणि ती माहिती आहे, परवानगी नाही. 'तुमच्या नावाला पोलिसांची एनओसी मिळणार नाही' असं एजंट म्हणाला तर त्याला शांतपणे सांगा की एनओसी मागायचीच नाही, माहिती कळवायची आहे. फॉर्म मी भरून देतो.

तेच सोसायटीचं. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे सदस्यानं फ्लॅट भाड्यानं देण्याआधी संस्थेची परवानगी घ्यायची गरज नाही. कराराची प्रत देऊन कळवायचं असतं. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी जे बिनभोगवटा शुल्क लावते, तेही सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही. राज्य सरकारचा २००१ चा तसा आदेश आहे. 'मी द्यायला तयार आहे, पण सोसायटी ऐकत नाही' असं मालक म्हणाला, तर त्याला हे दाखवा. काही मालक खरंच तयार असतात आणि त्यांना हे माहीत नसतं. ज्याला द्यायचंच नाही, त्याला मात्र यानं भाग पाडता येत नाही.

मालकांच्या मुलांनो, आता तुमच्याशी. आपल्याला नावावरून घर नाकारतात याचा आपल्याला राग येतो, आणि तो रास्त आहे. मग आपल्या खोलीच्या दारात एकटी राहणारी मुलगी आली, तलाक झालेली बाई लेकरं घेऊन आली, दुसऱ्या जमातीचा किंवा दुसऱ्या मसलकचा माणूस आला, दलित विद्यार्थी आला, की आपण काय म्हणतो? 'फॅमिलीवाल्यांनाच देतो', 'आमच्या लोकांनाच देतो.' दुसऱ्यानं केला की भेदभाव आणि आपण केली की पसंती, असं चालणार नाही. कायद्यानं सक्ती नसली तरी हे आपल्या हातातलं आहे.

बायकांच्या हक्काचा मुद्दा वेगळा सांगतो. घर नवऱ्याच्या नावानं भाड्यानं घेतलेलं असलं, तरी २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात ते सामायिक घर ठरतं. बायकोला तिथून कायद्याच्या मार्गाशिवाय बाहेर काढता येत नाही. गरज पडली तर न्यायालय नवऱ्याला तिच्यासाठी दुसऱ्या घराची सोय करायला किंवा त्याचं भाडं द्यायला सांगू शकतं. आणि चाळीतल्या जुन्या खोलीचा भाडेकरू वारला तर भाडेहक्क कुणाकडे जातो? राहत्या घराच्या बाबतीत कायदा पाहतो की मृत्यूच्या वेळी कुटुंबातलं कोण त्याच्यासोबत राहत होतं. वारसाहक्कातले हिस्से इथं आधी येत नाहीत. अब्बांसोबत राहून त्यांचं सगळं केलेली मुलगी त्यात येते. म्हणून तिचं नाव त्या पत्त्यावर रेशन कार्डात, मतदार यादीत असू द्या. 'मुलगी तर परक्या घरची' म्हणून ते नाव काढू नका.

शेवटी, प्रसंग आलाच तर काय करायचं? समजा कॉलेजातून आलात आणि दाराला दुसरंच कुलूप. आधी फोटो काढा, शेजाऱ्यांना साक्षीला बोलवा. पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. 'ही दिवाणी बाब आहे' असं उत्तर मिळालं तरी तक्रारीची पोच घ्या. कायदेशीर मार्ग सोडून ताबा काढून घेतला असेल, तर १९६३ च्या विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ प्रमाणे सहा महिन्यांच्या आत दावा करून ताबा परत मागता येतो. सहा महिने ही मुदत विसरू नका. भाड्याचे दावे मुंबईत लघुवाद न्यायालयात चालतात, इतर बहुतेक ठिकाणी दिवाणी न्यायालयात. वकिलाला पैसे नाहीत? तालुका आणि जिल्हा न्यायालयात विधी सेवा समिती, प्राधिकरण असतं. तिथं मोफत वकील मिळतो. स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही. १५१०० या क्रमांकावर फोन करून चौकशी करता येते.

वाद होण्याआधीच करायचं काम मात्र सोपं आहे. आज घरी गेल्यावर तीन कागद शोधा: करार, डिपॉझिट दिल्याचा पुरावा आणि शेवटची पावती. मोबाईलमध्ये फोटो काढून घरातल्या आणखी एकाला पाठवा. यातलं जे नाही, ते पुढच्या महिन्याचं भाडं देताना मागा. आवाज चढवायची गरज नाही. 'चाचा, करार नोंदवून घेऊ या, तुमच्यासाठीही बरं आहे', एवढं वाक्य पुरतं. आणि तुमच्या घरी भाडेकरू असेल, तर त्यानं मागायची वाट पाहू नका. अब्बांना सांगा, कागद आपणच पुढे करू.

आता तुमचे प्रश्न घेतो.